जुन्या गाडीची तेलगळती आणि स्टिअरिंगचा खडखडाट : काय घरी करावे, काय गॅरेजला द्यावे

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसू लागतो आणि साधारण त्याच सुमारास खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगमध्ये खडखड जाणवू लागते. बहुतेक मालक या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजून वेगवेगळ्या वेळी गॅरेजमध्ये नेतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी बहुधा म्हातारे झालेले रबर असते. इंजिनची अनेक पॅकिंग आणि ऑइल सील रबराची असतात, आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना धूळपाण्यापासून वाचवणारे बूटही रबराचेच असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते व चिरते. एकदा इंजिनमधून तेल ठिबकू लागले, की ते खालच्या रॅक बूटवर (चाके वळवणाऱ्या रॅक नावाच्या दांड्याचे रबरी आवरण), लोअर आर्मच्या बुशवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातील रबर) आणि इंजिन माउंटिंगवर (इंजिन टेकवणारे रबर) पडते, आणि जे रबर तेलासाठी बनवलेले नाही ते फुगून मऊ पडते. म्हणून आधी तेल थांबवावे आणि मगच स्टिअरिंगच्या भागांना हात घालावा. उलट क्रमाने काम केले, तर नवे बसवलेले बुश वर्षभरात पुन्हा तेलात भिजतात आणि त्यांचा खर्च अक्षरशः पाण्यात जातो.

नाशिकच्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो, असे माझे मत आहे. थंडीत निफाडकडे पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि उन्हाळ्यात तोच ४० अंशांच्या आसपास जातो. थंडीत आकसलेले कडक सील तेल धरून ठेवू शकत नाही, आणि म्हणून पावसाळ्यात न दिसलेली गळती डिसेंबरात अचानक दिसू लागते. त्यात कसारा घाट आणि सप्तशृंग गडाची चढण आहे, पावसाळ्यातील खड्डे आहेत, आणि द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर आणून टाकलेली शेताची मातीही आहे. ती माती फाटलेल्या बूटमधून आत शिरली, की पॉलिश पेपरसारखे काम करते.

पुढील मजकूर मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो यांसारख्या पुढे इंजिन असलेल्या लहान पेट्रोल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इतर गाड्यांत भागांची जागा बदलते; तपासण्याची रीत तीच राहते.

डाग कशाचा आहे ते आधी ओळखावे

रात्री गाडी उभी करताना इंजिनखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे दोन-तीन मोठे कागद पसरावेत आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने खुणावून ठेवावी. सकाळी डागाचा रंग, वास, चिकटपणा आणि चाकांपासूनची जागा पाहिली, तर निम्मे निदान तेथेच होते. तपकिरी किंवा काळा डाग इंजिन ऑइलचा असतो. गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ते बहुधा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो त्या बाजूला पडते. पॉवर स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत लाल असते. हिरवे, लाल किंवा नारिंगी, पाण्यासारखे पातळ आणि किंचित गोड वासाचे द्रव्य कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, समजावे. एसी चालवल्यावर पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

एका डागाबाबत मात्र थांबून विचार करण्याइतकाही वेळ नसतो. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, पातळ आणि बोटाला निसरडा लागणारा डाग दिसला आणि ब्रेक ऑइलच्या डब्यातील पातळी उतरलेली असली, तर गाडी जागेवरून हलवू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा गाडी टो करून न्यावी.

धुवावे, कोरडे करावे, मग पाहावे

तेलगळतीच्या कामात सर्वाधिक पैसे चुकीच्या निदानात जातात. तेल वरून खाली ओघळते, आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे जेथे थेंब लोंबकळताना दिसतो तेथे गळती असेलच असे नाही. काळ्या चिकट थराने माखलेल्या इंजिनकडे टॉर्च मारून कोणीही खात्रीने काही सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलेच तर तो अंदाज समजावा.

इंजिन कोमट असताना त्यावर डिग्रीझर मारावे, दहा मिनिटांनी ब्रशने घासावे आणि हलक्या पाण्याने धुवावे. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग), कॉइल, ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर आणि एअर फिल्टरचे तोंड त्याआधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधून घ्यावे. मोठ्या दाबाच्या पंपाचा फवारा इंजिनवर सरळ मारू नये. इंजिन वाळल्यावर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी. परतल्यावर पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ स्पष्ट दिसते. या रेघेचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक शोधावे, कारण गळती तेथे असते.

हे का सांगावे लागते, त्याचे एक उदाहरण देतो. शेजाऱ्यांच्या २००४ सालच्या मारुती ८०० मध्ये क्लच हाउसिंगच्या खालून तेल टपकत होते. एका गॅरेजमध्ये न धुताच पाहून सांगण्यात आले, की क्रँकचे मागचे सील गेले आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल. इंजिन धुऊन पावडर टाकल्यावर रेघ दिसली ती पार वरून, सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरपासून आलेली. तेथील ओ-रिंग बोटात धरून वाकवली आणि ती पापडासारखी कडकन मोडली. डिस्ट्रिब्युटरची मूळ जागा खुणेने जुळवून नवी ओ-रिंग बसवली आणि टपकणे थांबले. एका छोट्या रबरी कड्याचे काम होते. सांगितले गेले होते ते गिअरबॉक्स उतरवण्याचे.

इंजिनची हवा कोंडली आहे का

पॅकिंग बदलण्यापूर्वी एक तपासणी करावीच, आणि ती गॅरेजमध्येही पुष्कळदा राहून जाते. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खालच्या क्रँककेसमध्ये उतरत असतो आणि ब्रीदर पाइप व पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (या गॅसला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) तो इनटेककडे, म्हणजे इंजिनमध्ये हवा शिरते तिकडे, परत जातो. हा मार्ग काजळीने बुजला, की आत दाब साठतो आणि तो जेथे वाट मिळेल तेथून, म्हणजे सीलमधून, तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनला कितीही नवी पॅकिंग घातली तरी काही महिन्यांत ती पुन्हा ओली दिसतात.

पीसीव्ही व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह कव्हरमधून काढावा आणि त्याच्या तोंडावर अंगठा ठेवून ओढ लागते का ते पाहावे. इंजिन बंद करून हलवल्यावर तो आतून खुळखुळला पाहिजे. ब्रीदर पाइप काढून आरपार फुंकर मारावी. त्यानंतर आयडलवर तेल भरण्याचे झाकण जपून उघडून पाहावे. थोडी वाफ किंवा तेलाचे शिंतोडे येणे स्वाभाविक आहे. परंतु निळसर धूर भकाभका बाहेर पडत असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत आणि पॅकिंगवर खर्च करण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

डिपस्टिकही पाहावी. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहिल्यावर तेल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले असेल, तर ते आधी काढून बरोबर करावे.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे

जुन्या गाड्यांत सर्वाधिक गळणारी आणि घरी करता येण्याजोगी जागा म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचे टॅपेट कव्हर. येथून ओघळलेले तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले, तर घाटात गाडी तापल्यावर जळका वास व धूर येतो आणि आगीचा धोकाही असतो. म्हणून ही गळती थोडी असली तरी चालढकल करू नये.

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: १० नंबरचे सॉकेट व लहान रॅचेट, रबरी हातोडी, प्लॅस्टिकची किंवा लाकडाची खरवडणी, ब्रेक क्लीनर, लिंट न सोडणारे सुती कापड, ऑइल सहन करणारे आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून निघून हवेत घट्ट होणारे) आणि गाडीच्या मॉडेल व सालाप्रमाणे घेतलेले पॅकिंग. पॅकिंग घेताना चेसिस नंबर दुकानदाराला द्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललेले असते आणि पॅकिंगचा आकार थोडासाच वेगळा असतो. कव्हरच्या बोल्टखालचे रबरी वॉशर आणि स्पार्क प्लगच्या नळ्यांची सील असतील, तर तीही त्याच वेळी घ्यावीत. प्लगच्या खड्ड्यात तेल साचून मिसिंग होत असल्यास (इंजिन अडखळत असल्यास) या नळ्यांच्या सीलवरच पहिला संशय घ्यावा.

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. प्लगच्या वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे क्रमांक लिहावेत, एअर फिल्टरचा डबा व ब्रीदर पाइप काढावेत आणि मोकळ्या झालेल्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे, म्हणजे तेथून काही आत पडणार नाही. कव्हरचे बोल्ट कडेकडून मधल्या भागाकडे, एकाआड एक थोडेथोडे सैल करावेत. कव्हर चिकटून बसले असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोकावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले, तर मऊ ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि त्या चऱ्यातून पुढे कायम तेल झिरपते.

यापुढचा अर्धा तास संपूर्ण कामाचे यश ठरवतो. जुन्या पॅकिंगचा आणि जुन्या सिलिकॉनचा प्रत्येक कण दोन्ही पृष्ठभागांवरून निघाला पाहिजे. बोट फिरवून पाहावे. बोटाला काहीही खरखरीत लागता कामा नये. पत्र्याचे कव्हर असल्यास ते काचेवर किंवा सपाट फरशीवर उपडे ठेवून कड सर्वत्र टेकते का ते तपासावे. पूर्वी कोणी बोल्ट जास्त आवळलेले असतील, तर बोल्टच्या भोकांभोवती पत्रा आत दबलेला दिसतो; तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू सपाट करावा. शेवटी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करावेत. या कामासाठी काही जण पेट्रोल वापरतात. बंद पार्किंगमध्ये ते धोक्याचे आहे आणि मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही.

रबरी पॅकिंग खाचेत कोरडेच बसवावे. सिलिकॉन लावायचे ते फक्त त्या कोपऱ्यांवर, जेथे कॅमशाफ्टची कमान सपाट पृष्ठभागाला मिळते आणि पॅकिंगला अचानक वळण घ्यावे लागते. तेथे मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरेसा असतो. संपूर्ण पॅकिंगवर सिलिकॉनचा लेप देण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याने रबर जागेवरून सरकते, आणि आतल्या बाजूला दाबून निघालेला सिलिकॉनचा तुकडा सुटून चेंबरमधील (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. जाळी बुजली तर इंजिनला तेलच मिळत नाही. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन गमावण्याची ही वाट आहे, म्हणून याबाबत मी आग्रही आहे.

बोल्ट आता मध्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. १० नंबरच्या डोक्याच्या अशा बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. टॉर्क पाना नसेल तर लहान रॅचेट डोक्याजवळ धरून मनगटाच्याच जोराने आवळावे, खांद्याचा जोर लावू नये. सिलिकॉन लावले असल्यास ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबावे, शक्यतो रात्रभर गाडी सुरू करू नये.

चेंबर, ड्रेन बोल्ट आणि इतर लहान जागा

ड्रेन बोल्टखालचे वॉशर दर वेळी तेल बदलताना नवे टाकावे. ते दबून बसण्यासाठीच बनवलेले असते आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट फिरतच राहत असेल तर आटे गेले आहेत. टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेण्यापेक्षा अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील चांगल्या लेथवाल्याकडून चेंबरला नवा आटा घालून घ्यावा.

ऑइल फिल्टर काढताना जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनलाच चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. दोन कडी एकावर एक बसली तर गाडी सुरू होताच तेल धो-धो वाहते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावावे आणि फिल्टर टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर लिहिले असेल तितका, फिरवावा. ऑइल प्रेशर स्विचच्या प्लगमध्ये किंवा वायरच्या टोकाशी तेल दिसले, तर तो स्विच बदलणे सोपे व स्वस्त आहे.

ऑइल चेंबरचे पॅकिंग घरी बदलता येते, पण त्यासाठी गाडीखाली झोपावे लागते. गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच वापरू नयेत, कारण ते आधी काहीही न दाखवता एकदम फुटतात. सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक स्टँडची जोडी लावावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी हाताने हलवून ती स्थिर आहे याची खात्री करावी. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम करू नये.

बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल लोक विचारतात. त्यातील द्रव्य सील थोडे फुगवते व मऊ करते, त्यामुळे किंचित झिरपणाऱ्या सीलला काही काळ आराम मिळतो. फाटलेले सील किंवा आकसलेले पॅकिंग त्याने दुरुस्त होत नाही. मोठे काम होईपर्यंतचा तात्पुरता उपाय एवढीच त्याची किंमत करावी.

गॅरेजला द्यावीत अशी कामे

क्रँकचे पुढचे सील व कॅमशाफ्टचे सील टायमिंग बेल्टच्या मागे असतात. टायमिंग बेल्ट बदलायचा असेल तेव्हाच ती बदलून घ्यावीत, म्हणजे मजुरी एकदाच पडते. शिवाय गळणारे तेल बेल्टवर गेले तर बेल्ट लवकर खराब होतो. क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या वेळी क्लच प्लेट झिजत आलेली असेल तर तीही बदलून घ्यावी. हेड गॅसकेटची गळती, आणि तेलात पाणी मिसळून झाकणाखाली पांढरट साय दिसणे, हाही घरी करण्याचा विषय नाही.

स्टिअरिंग : प्ले (मोकळेपणा) नेमका कोठे आहे

गळती थांबली आणि खालचा भाग धुऊन कोरडा झाला, की स्टिअरिंगकडे वळावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगचा मोकळा फिराव ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये आणि स्टिअरिंग जोडणीच्या सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीसाठी गाडी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात न्यायची असेल, तर तिच्या खालच्या रबरी टोप्या आधीच पाहून घ्याव्यात. मात्र ३० अंश ही कायद्याने आखलेली शेवटची सीमा आहे. सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ती कडेला जवळजवळ १० सेंटिमीटर भरते. रॅक असलेल्या लहान गाडीत एवढा प्ले असणे म्हणजे सांधे कधीच संपले आहेत. कडेवर ३० मिलीमीटरच्या पुढे मोकळेपणा जाणवू लागला, की कारण शोधायला सुरुवात करावी.

शोधण्यासाठी दोन माणसे लागतात. गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद आणि स्टिअरिंगचे लॉक उघडलेले असावे. एकाने आत बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडेथोडे, पण सतत हलवावे आणि दुसऱ्याने बाहेरून वाकून टॉर्चने क्रमाने पाहावे: स्टिअरिंग कॉलमचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट, रॅकचे माउंटिंग, रॅक एन्ड (रॅकच्या टोकाचा सांधा), आणि चाकाजवळचा टाय रॉड एन्ड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा). एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग किंचित उशिरा हलतो, अशी जागा सापडली की दोष तेथे आहे. नुसते पाहून कळत नसेल तर सांध्यावर बोटे ठेवावीत. डोळ्याला न दिसणारी टकटक बोटाला कळते.

त्यानंतर पुढचे चाक उचलून स्टँडवर घ्यावे. चाक घड्याळातील ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक एन्ड संशयित असतो. १२ आणि ६ च्या जागी धरून ढिलेपणा आला, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग पाहावे. दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर तो बहुधा बेअरिंगचा असतो, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. खडखड स्टिअरिंगची वाटत असली तरी पुष्कळदा ती शॉकअपच्या वरच्या माउंटिंगची किंवा लोअर आर्मच्या बुशची निघते. म्हणून ही तपासणी झाल्याखेरीज कोणताही भाग विकत घेऊ नये.

टाय रॉड एन्ड बदलणे

आदल्या रात्री लॉक नट व आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. जमिनीवर असतानाच व्हील नट थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून स्टँडवर ठेवावी आणि चाक काढावे. लॉक नट फिरवण्यापूर्वी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत आणि जेथे नट टाय रॉड एन्डला टेकतो तेथे रंगाची बारीक रेघ मारावी. या रेघेवर पुढचे सर्व अवलंबून आहे, कारण चाकाची दिशा तिनेच जवळजवळ पूर्वीसारखी राहते.

लॉक नट पाव फेरा सैल करावा. स्प्लिट पिन काढावी आणि कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) सोडवावा, पण तो पूर्ण न काढता शेवटच्या काही आट्यांवर ठेवावा, म्हणजे सांधा सुटताना झटका बसणार नाही. सांधा वेगळा करण्यासाठी बॉल जॉइंट पुलर वापरणे सर्वांत चांगले. तो पुष्कळ दुकानांत मिळतो. पुलर नसेल तर स्टिअरिंग आर्मच्या ज्या कडीत टाय रॉड एन्डचा निमुळता खांब बसलेला असतो, त्या कडीच्या बाजूवर हातोडीचे ठाम फटके द्यावेत. खांबाच्या आट्यावर खालून ठोकू नये. सैल करताना नटाबरोबर खांबही फिरू लागला, तर टाय रॉड एन्डवर जॅकने किंवा पहारीने दाब देऊन निमुळता भाग घट्ट धरून ठेवावा.

जुना एन्ड काढताना किती फेरे फिरले ते मोजून कागदावर लिहावे आणि नवा तितकेच फेरे आत घालावा. नव्या एन्डची लांबी जुन्याच्या शेजारी ठेवून आधीच पडताळावी. ती वेगळी असेल तर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. खांब व कडी दोन्ही तेल न लावता कोरड्या पुसून बसवाव्यात. कॅसल नट मॅन्युअलमधील ताणाला आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक खाचेशी जुळत नसेल, तर नट पुढे आवळूनच भोक जुळवावे. मागे सैल करून कधीही नाही. स्प्लिट पिन नवीच घालावी आणि तिची टोके दोन्ही बाजूंना वळवून टाकावीत. कॅसल नटाऐवजी नायलॉनचा लॉक नट दिलेला असेल, तर जुना नट पुन्हा वापरू नये.

एका बाजूचा एन्ड गेला असेल तर दुसरी बाजूही काळजीपूर्वक तपासावी. वय आणि किलोमीटर सारखेच असल्याने दोन्ही एकत्र बदलणे बहुतेक वेळा परवडते, कारण अलाइनमेंट एकदाच करावी लागते.

रॅक बूट आणि पॉवर स्टिअरिंग

टाय रॉड एन्ड बाहेर असतानाच रॅक बूट घडी उलगडून पाहावा. चीर घडीच्या तळाशी असते आणि ताणल्याशिवाय दिसत नाही. बूट स्वस्त असतो आणि रॅक महाग. पावसाळ्यात एकदा आत पाणी गेले की रॅकवर गंज चढतो आणि बदललेला बूट तो गंज काढू शकत नाही. बूट नव्या क्लिपसह बसवावा, तो पिळलेला राहू नये, आणि हे काम मे महिन्यातच उरकावे.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत बूटमध्ये तेल साचलेले सापडले, तर रॅकची आतली सील गेली आहेत. तो रॅक ओव्हरहॉल करण्यासाठी या कामातल्या जाणकाराकडे द्यावा. गळती होजच्या जोडाला असेल, तर जोडावरची ओ-रिंग किंवा वॉशर बदलून ती थांबू शकते. तेल भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. नंतर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे आणि डब्यातील पातळी भरत राहावी. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. तेल फेसाळ दिसत असेल तर आत अजून हवा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून तेथेच दाबून धरण्याची सवय पंप व होज दोन्हींना मारक आहे.

जुन्या जीप व तत्सम गाड्यांत, ज्या पेठ-सुरगाण्याकडे आजही चालतात, रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यात तेलाची पातळी पाहावी आणि ड्रॅग लिंकचे (बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) सांधे तपासावेत. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवण्याचा मोह होतो. सांधे ठीक असल्याची खात्री झाल्यावरच तो फार तर पाव फेरा फिरवावा, कारण जास्त आवळल्यास स्टिअरिंग मध्यावर अडकते आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही.

काम झाल्यावर

पहिली फेरी मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने घ्यावी. स्टिअरिंग सरळ आहे का, ते दोन्ही बाजूंना सारखे वळते का आणि वळणानंतर परत येते का, हे पाहावे. त्यानंतर थेट व्हील अलाइनमेंटला जावे. खुणेवर बसवलेला एन्ड तेथपर्यंत जाण्यापुरता बरोबर असतो, त्यापुढे टायर कडेने झिजू लागतात. अलाइनमेंटनंतर लॉक नट आवळले आहेत याची स्वतः खात्री करावी आणि कागदावर छापलेले आधीचे व नंतरचे आकडे मागून घ्यावेत. अलाइनमेंट होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नये.

शंभरेक किलोमीटरनंतर स्प्लिट पिन, व्हील नट आणि टॅपेट कव्हरची कड पुन्हा पाहावी. पहिले काही आठवडे डिपस्टिक दर आठवड्याला तपासावी आणि पुठ्ठा पुन्हा एकदा रात्रभर गाडीखाली ठेवावा.

काढलेले तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवावे. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. शहरातील गटारात ओतलेले तेल नासर्डीत, म्हणजे नंदिनी नदीत, आणि तेथून गोदावरीत पोहोचू शकते. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना तेल देणाऱ्या गॅरेजकडे तो कॅन सोपवावा. तेलकट चिंध्या आणि जुना फिल्टरही निथळून, वेगळ्या पिशवीत बांधून त्याच गॅरेजला द्यावेत.